एका दिवसाची शिदोरी

हमूद पाणी सावलीनं मोजतो.
फलजच्या काठाशी खांब रोवलाय.
त्याची सावली या दगडावरून त्या दगडावर सरकली
की झाला एक अथर, म्हणजे अर्धा तास,
मग चिंध्यांचा बोळा काढायचा, तिकडे कोंबायचा,
आणि पाणी शेजाऱ्याच्या खजुरांना.

मी बीकरमध्ये मोजते.
बिरकत-अल-मौझच्या आरोग्य केंद्रात आठ वर्षं
रक्त, लघवी, थुंकी, आणि बरण्यांवरची नावं
उजवीकडून डावीकडे.

मार्चात त्याचा नातू आला, मुहन्नद,
दोन्ही नडग्यांवर लाल पुळ्या, खाजवून सोललेल्या.
डॉक्टरीणबाईंनी मलम लिहिलं.
मी विचारलं, डुंबलास कुठं?
तो म्हणाला, मशिदीच्या खाली,
जिथं पाणी थांबून विचार करतं.

शुक्रवारी गेले. चाळणी, चपला, जुनी बरणी.
शेवाळातून अकरा गोगलगायी वेचल्या,
मुगाच्या डाळीपेक्षा थोड्या मोठ्या.
बीकर उन्हात ठेवला, आणि भर दुपारी
एकीच्या अंगातून धूर निघावा तसं
पाणी धुरकट झालं.

भिंगाखाली तो धूर म्हणजे अळ्या.
शेपटीला टोकाशी दोन फाटे,
पोहणं कसलं, नुसती तडफड.
तोंड असून वाटेत खात नाहीत.
गोगलगायीच्या अंगातून बांधून आणलेली शिदोरी,
ती एका दिवसाची.
तेवढ्यात बदकाचा पाय सापडला तर सापडला.

मुहन्नदची नडगी ही चुकीच्या पत्त्यावरची वस्ती.
कातडीत शिरल्या, आणि उंबरठ्याच्या आतच मेल्या.
जी खाज सुटली, ते त्यांचं मरण होतं.
(हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही.
त्या रात्री महाडहून भावाचा फोन आला,
तुमच्याकडे काय, पैसा पाण्यासारखा.
मी म्हटलं, हो, अगदी पाण्यासारखा,
सावलीनं मोजून मिळतो.)

पुढच्या शुक्रवारी फलजमधला एक मासा आणला,
करंगळीएवढा, मातकट, ओठ खाली वळलेले.
आमच्याकडे वाळणकोंडीला देवीचे मासे चुरमुरे खातात,
याच्यासमोर मी एकशे चाळीस अळ्या सोडल्या.
तो आधी काचेच्या कोपऱ्याशी रुसून बसला.
मग एकदा तोंड उघडलं.
मग थांबलाच नाही.
एका अथरात उरल्या नऊ.

मोठा मासा लहान माशाला खातो, हे शाळेत घोकलेलं.
लहान मासा काय खातो ते कुणी विचारलं नाही.
आपल्याला खायला निघालेलं काहीतरी
त्याच्या पोटात जाऊन मासा होतं,
खवला होतं, पाण्यातली एक चुणूक होतं,
आणि आपल्याला पत्ताही नसतो
की आज आपण वाचलो.

पण फार कौतुक नको.
त्याच मशिदीखालच्या पाण्यात दुसरी एक जात आहे,
तिला गिळलं जाणंच हवं असतं.
माशाच्या मांसात ती गाठ होऊन बसते,
बगळ्याची वाट पाहत.
मासा दोघींनाही सारख्याच भुकेनं गिळतो.
खाणं म्हणजे जिंकणं, असं त्या बीकरात
कुठं लिहिलेलं नव्हतं.

हमूदला सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या अरबीत,
हातांनी शेपट्या करून दाखवत.
तो म्हणाला, मग गोगलगायी मारू?
औषध टाकू?
मी म्हटलं, नको. वर्षातून एकदा गाळ काढता ना,
तेव्हा मासे बादलीत धरा,
पाणी आलं की परत सोडा.

तो हसला नाही, नुसता खांबाकडे बघत राहिला.
माझा आजोबा धरायचा, म्हणाला,
तांब्याच्या हंड्यात, वर ओलं फडकं घालून.
आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याचे लाड.
का, ते त्यानं सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

मी पाय पाण्यात सोडले.
चार-पाच आले, टाचेच्या भेगांशी लुचू लागले.
सावली दगडावर पोचली होती.
हमूद उठला, बोळा काढला,
आणि माझ्या घोट्यांभोवतीचं पाणी
दुसऱ्या कुणाचं झालं.